शेवटच्या बाकावरचा रुमाल

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुण मुलामुलींना मालन मकासरे माहीत आहे ती पांढऱ्या झग्यातली, प्रभुभोजनाच्या मेजामागे उभी असलेली. पाळकपदाची दीक्षा मिळाली तेव्हा तिचे केसही झग्याइतकेच पांढरे झाले होते. आता ती नगरला भाचीकडे असते. गुडघे गेले आहेत, पण फोनवर अजून इतकी हळू बोलते की माझी सून मला विचारते, "आई, पलीकडून कोणी बोलतंय का नुसताच फोन धरून बसलात?" तिच्या या हळू बोलण्यावरून एकदा तिचे पुढचे सगळे शिक्षण अडायची वेळ आली होती. ती हकिगत मी पाहिलेली आहे, म्हणून सांगते.

१९५५ साली मालन लालबागच्या म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होती. माटुंग्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. वडील कोंडीराम गिरणीत साचेखात्यात, मागांवर, आई कमळाबाई, आणि राहायला घोडपदेवच्या चाळीतली एक खोली. हे कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, लग्न होऊन माटुंग्याला आलेली. रविवारी आम्ही दोघी शब्बाथशाळेत लहान मुलांना शिकवायचो. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेले, त्यामुळे मंडळीला कुठे इंग्रजी पत्र धाडायचे असले की ते लिहायचे काम माझ्याकडे येई. त्यामुळेच बहुधा तिने पहिल्यांदा मला सांगितले.

"लतिकाताई, मला बी.डी. करायचंय."

बी.डी. म्हणजे धर्मशास्त्राची पदवी. बी.ए.नंतर आणखी तीन वर्षे, तीही बंगळूरला, ग्रीक आणि हिब्रूसकट. पाळक होऊ इच्छिणारे पुरुष ती घेत. बायकांसाठी बायबलबाईचे शिक्षण होते. त्यात गाणी, मोठी रंगीत चित्रे आणि आजाऱ्याची शुश्रूषा शिकवीत.

"कशाला गं?" मी म्हटले. "पक्की नोकरी आहे तुझी."

"चाळीत लोक प्रश्न विचारतात. मला उत्तरं येत नाहीत."

"मग पाळकसाहेबांना विचार ना."

"विचारलं ना! ते म्हणाले, असले प्रश्न कोण विचारतं, त्याचं नाव सांग."

मला हसू आले. ती हसली नाही. "चित्रं दाखवणं वाईट नाही, ताई. पण चित्र बघून झालं की माणूस विचारतोच. मला शास्त्र मुळातून वाचायचंय. आणि आत्ता नाही गेले तर कधीच नाही. बाबा दोन वर्षांत गिरणी सोडतायत, मग सगळे गावी. आईने तिथे एक मास्तर बघूनही ठेवलाय."

कॉलेजला मंडळीची शिफारस लागे. आमच्या मंडळीत शिफारशीची एक जुनी रीत होती. उमेदवाराने रविवारच्या उपासनेत सगळ्यांसमोर चाचणीचा उपदेश करायचा. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक जण मुद्दाम शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसे. आवाज पोचला नाही की तो रुमाल वर करी. रुमाल दिसला की उमेदवाराने आवाज चढवायचा. एवढे करूनही आवाज पोचला नाही तर तो पाळक व्हायला लायक नाही, असे मानीत. त्या काळी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ध्वनिक्षेपक नव्हता, तेव्हा ही रीत तशी शहाणपणाचीच होती. पंचवीसेक वर्षे शेवटच्या बाकावर बसण्याचा मान शामराव रणनवरे यांचा होता. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हेडक्लार्क आणि मंडळीचे चिटणीस. त्यांचा रुमाल पांढराशुभ्र, चार घड्यांचा, आणि चाचणीच्या दिवशी त्याला इस्त्री असे.

पंचांच्या सभेत मी स्त्रीमंडळाची प्रतिनिधी म्हणून बसत असे. मालनचा अर्ज वाचला गेला तेव्हा शामराव म्हणाले, "मुलगी चांगली आहे. तिला बायबलबाईच्या शिक्षणाला पाठवा. बी.डी. करून काय, ती पुल्पिटवर चढून उपदेश करणार?"

पाळकसाहेब हेमचंद्र उजागरे मऊ स्वभावाचे. कोणालाही नाही म्हणताना त्यांना घाम फुटे. त्यांनी मधला मार्ग काढला. मालनने वर्षभर घोडपदेव आणि रे रोडच्या चाळींत घरोघरच्या प्रार्थनासभा चालवाव्यात, मग चाचणी घेऊ.

"वर्षभरात ती आपसूक थकेल," बाहेर पडताना शामराव मला म्हणाले.

"किंवा तुम्ही," मी म्हटले. ते हसले. तसे ते वाईट नव्हते.

त्या सभांना मी शक्य तेव्हा मालनबरोबर जात असे. गिरणगावातली एक गोष्ट मला तिथेच कळली. त्या खोल्यांमध्ये कोणी ना कोणी सतत झोपलेला असतो. पहिल्या पाळीचा कामावर गेला की त्याच्या जागेवर रातपाळीचा आडवा होतो. जमिनीवरचे अंथरूण कधी गार होत नाही. मग तिथे सभा भरवायची म्हणजे बाजाची पेटी नाही, टाळ्या नाहीत, मोठ्याने गाणे तर नाहीच. आठ-दहा माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि मालन त्यांच्यामध्ये बसून, झोपलेल्या माणसाच्या घोरण्याच्या खालच्या पट्टीत बोले.

हे तिला पहिल्याच सभेत शिकावे लागले. सभा तिच्या स्वतःच्याच खोलीत होती. तिने नेहमीच्या आवाजात प्रार्थना सुरू केली, तोच शेजारची चंपा दारात उभी. चंपा मालवणची, नवरा रातपाळीला.

"हळू बोल गो बाये! ह्यो आत्ता खंय निजलो."

"चंपावहिनी, प्रार्थना चाललीये."

"मगे? तुझो देव काय बहिरो आसा?"

सगळे खाली बघून हसले. कमळाबाईंनी तोंडाला पदर लावला. मालन म्हणाली, "नाही वहिनी. खरंच नाही." आणि पुढची प्रार्थना तिने इतक्या हळू केली की चंपाच आत येऊन उंबऱ्याजवळ टेकली, काय मागते आहे ते ऐकायला. पुढे चंपा प्रत्येक सभेला तिथेच बसे. ती ख्रिस्ती झाली नाही, होणारही नव्हती. पण कोणी नवीन माणूस मोठ्याने बोलला तर त्याला गप्प करायचे काम तिने आपल्याकडे घेतले होते.

मागे बसलेल्याला ऐकू आले नाही तर मालन हाताने खूण करून म्हणे, "पुढे या, जागा आहे." जागा कधीच नसे. पण ती असे म्हणाली की लोक सरकत आणि जागा होई.

कोंडीराम सभेत सर्वांत मागे बसत. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई. पण साचेखात्यातली माणसे एकमेकांच्या ओठांवरून बोलणे ओळखतात. एकदा मी त्यांना विचारले, "काका, ऐकू येतं का तिचं?"

"मला ऐकायची गरज न्हाई, बाई," ते म्हणाले. "पोरगी काय बोलती ते तिच्या तोंडावर दिसतंया."

मग छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवणार असे जाहीर झाले आणि गिरणगाव रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, संचारबंदी लागली. मी माटुंग्याला अडकून पडले होते, त्यामुळे घोडपदेवची त्या दिवसांतली हकिगत मला नंतर मालनने सांगितली. गिरण्या बंद म्हटल्यावर तिन्ही पाळ्यांची माणसे एकाच वेळी घरी. ज्या खोलीत आळीपाळीने माणसे झोपत, तिथे आता सगळ्यांना मिळून उभे राहायलाही जागा पुरेना. माणसे गॅलरीत येऊन बसली. खाली रस्त्यावर पोलीस, वर कोणी मोठ्याने बोलले की शिट्टी वाजे. चंपाचा धाकटा भाऊ मोर्च्याला गेला होता आणि परतला नव्हता. चंपा भिंतीला डोके टेकून बसली होती, रडतही नव्हती.

"मग तू काय केलंस?" मी मालनला विचारले.

"तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, तुझ्या त्या देवाला सांग, बहिरो नाय ना तो. मग मी सांगितलं. गॅलरीतली सगळी माणसं गप्प झाली होती, ताई. अभंग म्हणणारी, नमाज पढणारी, नवस करणारी, सगळी. कोणी हललं नाही."

दुसऱ्या दिवशी भाऊ परतला, पायाला पट्टी बांधून. कोणीतरी त्याला भायखळ्याच्या एका घरात लपवून ठेवले होते. यात आपले काही श्रेय आहे असे मालन कधी म्हणाली नाही. पण त्या आठवड्यानंतर बी.डी.बद्दल बोलताना तिच्या बोलण्यात "जमलं तर" हे शब्द यायचे थांबले. ती म्हणू लागली, "बंगळूरला गेल्यावर."

त्या वर्षभर सगळी मुंबई घसा फोडून बोलत होती. सभा, मोर्चे, घोषणा. कोंडीराम स्वतः प्रत्येक मोर्च्यात असत आणि घरी येऊन दोन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत. मालनही मोर्च्यात जाई. पण प्रार्थनासभेतला तिचा आवाज जो खाली उतरला तो उतरलाच.

चाचणी सत्तावन्नच्या फेब्रुवारीत ठरली. आदल्या शनिवारी आम्ही दोघी रिकाम्या देवळात सरावाला गेलो. मी शेवटच्या बाकावर बसले. ती समोर उभी राहिली. बायकांना पुल्पिटवर चढायला नव्हते, तिला खालीच, फरशीवर, एक छोटे मेज दिले होते. ती बोलू लागली आणि मला काही म्हणजे काही ऐकू येईना.

"मोठ्याने!" मी ओरडले.

तिने प्रयत्न केला. तिचा चढलेला आवाज इतका विचित्र वाटला की तिचे तिलाच हसू फुटले.

"ताई, मला वाटतंय मी बोंबील विकतेय!"

"विक मग! उद्या शामरावकाका रुमाल काढणार आहेत."

"काढू देत."

"काढू देत काय? तुझं सगळं त्यावर अवलंबून आहे."

"माहितीये मला," ती म्हणाली. तेवढेच. घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितले की मुलगी उद्या नापास होणार. त्या दिवशीच्या डायरीतही मी तसेच लिहून ठेवले आहे.

रविवारी देऊळ भरले होते. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. कमळाबाई पहिल्याच बाकावर, एकट्या, कारण मुलीच्या इतक्या जवळ बसायची दुसऱ्या कोणाची हिंमत होईना. त्या सकाळीच मला म्हणाल्या होत्या, "पास तरी होऊ दे बाई, नाहीतर नापास तरी. त्या मास्तराला मी आणखी किती थांबवू?" मागे दाराजवळ शामराव. गुडघ्यावर घडी घातलेला रुमाल.

मालनने विषय घेतला होता न्याय मागायला न्यायाधीशाकडे पुन्हापुन्हा जाणाऱ्या विधवेचा, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला. पहिली दोन-तीन वाक्ये तिने आम्ही सराव केला होता तशी, चढ्या आवाजात म्हटली. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून निवडणुकीच्या प्रचाराचा ट्रक आला. भोंग्यातून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी आरोळी खिडक्यांतून आत घुसली. पुरुषांच्या बाजूला मागे कोणीतरी सवयीने "झालाच पाहिजे!" असे पुटपुटले आणि लहान मुले खिदळली. ट्रक निघून जाईपर्यंत मालन थांबली. ती ट्रकच्या वरचढ बोलायला जाईल असे मला वाटले होते. ती पुन्हा बोलू लागली ती मात्र घोडपदेवच्या खोलीतल्या आवाजात. तिला ते कळलेही नसावे. वर्षभराची सवय होती ती.

मागे रुमाल वर गेला.

मालनने रुमाल पाहिला. बोलणे थांबवले. आणि चाळीत करायची तशीच हाताने खूण करून, अगदी साधेपणाने म्हणाली,

"पुढे या काका, जागा आहे."

त्या देवळात असे काही कधी घडले नव्हते. रुमालाला उत्तर द्यायचे ते आवाजाने, हे सगळ्यांना ठाऊक होते. शामरावांचा हात वरच राहिला. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले, ते प्रार्थना करत होते की पळून जायचा विचार करत होते देव जाणे. मालन आपली वाट पाहत उभी. घाई नाही, संकोच नाही. समोरच्याला ऐकू येत नाही म्हणजे तो पुढे येणार, यापलीकडे तिच्या मनात काही नव्हते.

आणि शामराव उठले. उभ्या असलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचे नाही ही पार्सल ऑफिसातली शिस्त म्हणा, किंवा काय करावे ते सुचले नाही म्हणून म्हणा. मधल्या वाटेने ते पुढे आले. पुरुषांच्या बाजूला पुढे जागाच नव्हती. रिकामे होते ते डावीकडचे पहिले बाक, कमळाबाईंचे. ते तिथे, बायकांच्या बाजूला, बाकाच्या पार टोकाला बसले. कमळाबाईंनी पदर सावरला आणि आणखी थोडी जागा करून दिली.

त्यांच्या मागोमाग मागच्या बाकांवरची माणसे उठू लागली. कोणी पुढच्या बाकांत दाटीवाटीने बसले, कोणी मधल्या वाटेत फरशीवर. कोंडीराम तेवढे मागे उभे राहिले, एकटे, तिच्या तोंडाकडे बघत.

मालन बोलत राहिली. ती म्हणाली, ती विधवा आरडाओरडा करत असेल असे आपण धरून चालतो. मला तसे वाटत नाही. ओरडणारीला शिपायांनी हाकलले असते. ती रोज येऊन दारात बसत असणार. न्यायाधीश बाहेर पडला की ती आहे, परत आला की ती आहे. तिला ठाऊक होते की आतल्या माणसाला जाग आहे. ट्रक पुन्हा एकदा गेला. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

उपासनेनंतर पंचांची सभा बसली. मालनला बाहेर थांबायला सांगितले. खिडकीतून मला ती दिसत होती. पायरीवर बसून चंपाने पाठवलेले चुरमुऱ्याचे लाडू शब्बाथशाळेतल्या मुलांना वाटत होती.

शामराव प्रथम बोलले. "माझं मत स्पष्ट आहे. आवाज पोचत नाही. रुमाल दाखवला तर उमेदवार आवाज चढवायचा सोडून पंचालाच उठवते. ही काय पद्धत झाली? शिवाय, विधवा दारात बसायची म्हणे! शास्त्रात दारात बसल्याचं कुठे आहे? शिपाई कुठे आहेत? आणि शेवटी ती न्यायाधीशाबद्दल जे म्हणाली, आतल्या माणसाला जाग होती, ते तर मला..." ते अडखळले. "ते मला दुपारी घरी जाऊन तपासून बघायचंय."

मग मीच म्हटले, "शामरावकाका, म्हणजे ऐकू तर सगळंच आलं."

"पुढे बसल्यावर येणारच!"

"तेच म्हणतेय मी."

पाळकसाहेबांच्या तोंडून हसू निसटले आणि मग त्यांना ते आवरेना. त्यांचे पाहून बाकीचे हसले. शामराव लाल झाले, रुमालाने कपाळ पुसले, आणि मग आपण तोच रुमाल वापरतो आहोत हे ध्यानात येऊन त्यांनी तो खिशात कोंबला.

मत हात वर करून घेतले. मालनच्या विरुद्ध एकही हात वर झाला नाही. शामरावांनी कोणत्याच बाजूला केला नाही. "शिफारसपत्र मलाच लिहायचंय," ते म्हणाले. "माझे हात पेनात गुंतलेत."

पण पेनाचे काम माझेच होते, कारण पत्र इंग्रजीत जायचे होते. त्या बुधवारी शामराव ऑफिस सुटल्यावर थेट आमच्या माटुंग्याच्या घरी आले. मी चहा ठेवला. ते मराठीत सांगत गेले आणि मी इंग्रजीत उतरवत गेले. चारित्र्य, शिक्षण, वर्षभराचे काम. मग ते थांबले.

"आवाजाचं लिहायला हवं," ते म्हणाले. "लपवणं बरं नाही."

"काय लिहू?"

"लिहा, आवाज लहान आहे."

मी लिहिले. ते चहाच्या कपाकडे बघत राहिले. "आणि पुढे लिहा, पण..."

"पण काय, काका?"

खाली रस्त्यावर कोणीतरी भिंतीवर भित्तिपत्रक चिकटवत होते, खळीच्या ब्रशाचा आवाज येत होता.

"पण माणसं उठून पुढे जाऊन बसतात," ते म्हणाले. "हे इंग्रजीत नीट येईल ना?"

"येईल," मी म्हटले.

जूनमध्ये मालन बंगळूरला गेली. बोरीबंदरावर तिला पोचवायला घोडपदेवची अर्धी चाळ आली होती. गाडी सुटेपर्यंत चंपा तिला डब्याच्या खिडकीतून सूचना देत होती, आणि तीही, नवल म्हणजे, हळू आवाजात. शामराव फलाटाच्या मागच्या टोकाला उभे होते. मालनने खिडकीतून हात बाहेर काढला, त्यांना खूण केली आणि तिचे ओठ हलले. ऐकू येण्याजोगे ते अंतरच नव्हते. पण ते गर्दीतून वाट काढत पुढे गेले.